गुडघा बरा झाला. खेळाडू बरा झाला का?

(व्याख्यानमालेतील चौथे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय पत्रिकेवर जरा लांबलचक छापला गेला आहे. ‘दुखापतीनंतर खेळात परतणे : शरीराचा गाभा आणि हालचालींचे पुनर्शिक्षण’. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने गुडघ्यावर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर सोपं आहे. एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती करता येणं यांत फरक काय? सवय कशी लागते, आणि लागलेली सवय मोडते कशी? हे तत्त्वज्ञानाचे फार जुने प्रश्न आहेत. दुखापतीतून उठणाऱ्या खेळाडूच्या शरीरात हेच प्रश्न रोज सकाळ-संध्याकाळ सोडवावे लागतात. आम्ही डॉक्टर नाही. कोणाच्या गुडघ्याला नेमकं काय करायचं, हे त्याचे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील. ते जे सांगतात त्यामागचा विचार काय, एवढंच आपण आज पाहणार आहोत.

एक उदाहरण घेऊन चालू. समजा, बावीस वर्षांचा एक कबड्डीपटू आहे, चढाई करणारा. बोनस रेषेपर्यंत जातो, पाय टाकतो, आणि मध्यरेषेकडे परतण्यासाठी एका पायावर गर्रकन वळतो. त्याला कोणी हातही लावलेला नाही. गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो आणि तो मॅटवर बसतो. तपासणीत कळतं की एसीएल तुटलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा हा अस्थिबंध, ज्याला आपण सगळे लिगामेंट म्हणतो. नडगी पुढे सरकू नये आणि नको तेवढी फिरू नये, हे त्याचं काम. शस्त्रक्रिया होते. त्याच्याच शरीरातला कंडरेचा (टेंडनचा) पट्टा काढून तिथे नवी दोरी बसवतात.

सहा महिने जातात. मुलगा चालतो, जिना चढतो, दुचाकी चालवतो, सकाळी थोडं धावतोही. आई म्हणते, ‘बाळा, देवाच्या कृपेने बरा झालास.’ पुढच्या महिन्यात जिल्हा संघाची निवड चाचणी असते. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे चाचणी, त्यातून स्पर्धा, त्यातून प्रमाणपत्र, आणि कदाचित नोकरी. घरची परिस्थिती बेताची. मुलगा विचारतो, ‘सर, खेळू का?’

आजचं सगळं व्याख्यान या प्रश्नासाठी आहे.

तुटतं केव्हा आणि कसं?

पहिली गोष्ट लक्षात घ्या. या प्रकारच्या बहुतेक दुखापती, साधारण दहातल्या सात, कोणी धडकल्यामुळे होत नाहीत. उडी मारून खाली येताना, धावता धावता अचानक थांबताना, दिशा बदलताना त्या होतात. खेळाडूचा स्वतःचाच वेग आणि स्वतःचंच वजन त्याच्या गुडघ्यावर येतं.

दुसरी गोष्ट वेळेची. दुखापतींच्या चित्रफितींचा बारकाईने अभ्यास झाला आहे. पाय जमिनीला लागल्यापासून साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात, म्हणजे ५० मिलिसेकंदांच्या आसपास, लिगामेंट तुटतं असं त्यात दिसतं. आता याची तुलना करा. डोळ्यांनी काही पाहून त्यावर हालचाल करायला चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे ‘गुडघा आत वळतोय, सावर’ असं मनात येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

याचा अर्थ काय? गुडघा वाचवायचा तर तो पाय टेकल्यावर वाचवता येत नाही. पाय टेकण्याच्या आधीच शरीराची मांडणी बरोबर असावी लागते. विचार करायला तिथे जागाच नाही. जे काही होईल ते सवयीने होईल. म्हणून सवय कोणती लागली आहे, हा इथे जिवाभावाचा प्रश्न होतो.

गाभा म्हणजे पोटाच्या वड्या नव्हेत

आता ‘कोअर’ या शब्दाकडे येऊ. जिममध्ये हा शब्द फार चालतो. कोअर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर पोटावरच्या वड्या येतात. आपण त्याला गाभा म्हणू. वरती श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, पुढे आणि बाजूंना पोटाचे स्नायू, मागे कण्यालगतचे स्नायू, आणि या सगळ्याला पायांशी जोडणारे नितंबांचे स्नायू. एवढा सगळा मिळून गाभा होतो.

गुडघ्याच्या दुखापतीत याचा संबंध कुठे आला? डोकं, हात आणि धड मिळून माणसाचं साधारण दोन तृतीयांश वजन असतं. एका पायावर वळताना हे सगळं वजन कुठे झुकतं, यावर खालच्या गुडघ्याचं नशीब ठरतं. धड एका बाजूला कललं, नितंबाने ते सावरलं नाही, की मांडी आत वळते आणि गुडघा आत कोसळतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २७७ खेळाडूंची धडाच्या नियंत्रणाची चाचणी घेऊन पुढची तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. २००७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. धडाला बांधलेला ताण अचानक सोडल्यावर ज्यांचं धड जास्त हललं होतं, त्यांच्यात पुढे गुडघ्याच्या दुखापती अधिक दिसल्या. मुलींच्या बाबतीत हे भाकीत चांगलं जमलं, मुलांच्या बाबतीत तितकं नाही. हे दोन्ही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

दुसरा प्रयोग त्याहून जुना आहे, १९९६ सालचा, ऑस्ट्रेलियातला. हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी लोकांना फक्त हात झटकन वर करायला सांगितला. निरोगी माणसात हाताचा स्नायू चालू होण्याआधीच पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू चालू झालेला होता! हात हलला तर शरीर डगमगेल, हे शरीराने आधीच धरून ठेवलं होतं. ज्यांना कंबरदुखीचा इतिहास होता त्यांच्यात मात्र हा स्नायू उशिरा जागा होत होता. त्याची ताकद कमी नव्हती असं नाही म्हणायचं आम्हाला. मुद्दा असा की त्यांच्यातला ठळक फरक वेळेचा होता.

यातून पुढे जगभर एक लाट आली. पोट आत ओढा, तो एकच स्नायू वेगळा काढून त्याला व्यायाम द्या. पण नंतरच्या चाचण्यांत दिसलं की जुनाट कंबरदुखीत असे खास व्यायाम इतर चांगल्या व्यायामांपेक्षा काही वरचढ ठरत नाहीत. हेही बरोबरच आहे. वाद्यवृंदात एक वादक उशिरा वाजवत असेल, तर त्याला वेगळ्या खोलीत बसवून ताल सुधारत नाही. सगळ्यांबरोबर वाजवूनच तो सुधारतो.

आणि स्थिर म्हणजे ताठ, असंही नाही. डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन चालणारी बाई आठवा. हंडा स्थिर असतो, पण बाई ताठ असते का? तिची कंबर प्रत्येक पावलाला हलत असते, म्हणून तर हंडा हलत नाही. ती काठीसारखी ताठ चालली असती तर पाणी सांडलं असतं. ज्याला आपण स्थैर्य म्हणतो ते असं सतत चाललेलं सावरणं आहे.

दुखापत शरीराला काय शिकवते?

आता आपल्या मुलाकडे परत येऊ. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या शरीरात काय काय घडतं?

गुडघ्याला सूज आली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूम कमी होतो. हे दुखण्यामुळेच होतं असं नाही. निरोगी लोकांच्या गुडघ्यात नुसतं सलाईन टोचूनही हा स्नायू मंदावतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे स्नायू शाबूत आहे, पण मज्जासंस्थेने त्याला आवरून धरलंय. आठवडे जातात तसा तो बारीकही होतो. शिवाय तुटलेल्या लिगामेंटमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतूंचे शेवट होते. तेही गेले. नवी दोरी बसवली तरी ती माहिती लगेच परत येत नाही.

मग शरीर काय करतं? ते मार्ग काढतं. वजन चांगल्या पायावर टाकतं. गुडघा कमी वाकवतं. धड एका बाजूला कलतं ठेवतं. पहिल्या दोन महिन्यांत हे शहाणपणाचंच असतं. अडचण अशी की गरज संपली तरी ही रीत जात नाही. तुम्ही घर बदललं की महिना-दोन महिने अंधारात हात दिव्याच्या बटणासाठी जुन्याच जागी जातो. नवं बटण कुठे आहे हे तुम्हाला माहीत नसतं का? असतं की. पण ते हाताला माहीत नसतं.

इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने १९४९ सालच्या ‘द कॉन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात नेमका हा फरक मांडला. अमुक आहे हे जाणणं वेगळं आणि अमुक कसं करायचं हे जाणणं वेगळं. दुसरं हे पहिल्यातून आपोआप निघत नाही. त्याच्या चार वर्षं आधी, १९४५ मध्ये, फ्रान्सच्या मर्लो-पाँतीने आंधळ्या माणसाच्या काठीचं उदाहरण दिलं होतं. सवय झाल्यावर त्या माणसाला काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाला असलेली जमीन जाणवते. काठी त्याच्या शरीराचा भाग होते. आपल्या मुलाच्या बाबतीत उलटं घडलं आहे. त्याचा स्वतःचा गुडघा आता त्याला वस्तूसारखा जाणवतो. पूर्वी तो प्रतिस्पर्ध्याकडे बघत खेळायचा, आता निम्मं लक्ष गुडघ्याकडे असतं.

म्हणून आम्ही म्हणतो की दुखापतीतून दोन गोष्टी बऱ्या व्हाव्या लागतात. एक ऊती. त्या काळाने आणि निसर्गाने भरून येतात. दुसरी हालचाल. ती नुसत्या काळाने भरून येत नाही, ती पुन्हा शिकावी लागते. पहिली झाली की दुसरी झालीच, असं समजण्यात सगळी गफलत आहे.

पुन्हा शिकायचं म्हणजे काय करायचं?

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी विचार करून करायचं, मग चुका कमी करत जोडत जायचं, आणि शेवटी ते आपसूक व्हायला लागतं. सायकल शिकलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. दुखापतग्रस्त खेळाडूला हाच रस्ता पुन्हा चालायचा असतो. त्याला एक जास्तीचं काम असतं, ते म्हणजे आधी चुकीची सवय विसरायचं.

पहिली पायरी अगदी साधी दिसते. सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ होणं, आणि मांडीच्या स्नायूला जागं करणं. इथे घाई केली की पुढचं सगळं वाकडं होतं.

दुसरी पायरी गाभ्याची. कॅनडाचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीन व्यायाम प्रसिद्ध केले आहेत. पाठीवर झोपून, कंबरेखाली हात ठेवून डोकं-खांदे किंचित उचलणं. कुशीवर कोपराच्या आधाराने कंबर उचलून धरणं. आणि रांगण्याच्या स्थितीत एका बाजूचा हात व विरुद्ध बाजूचा पाय लांब करणं. प्रत्येक स्थिती साधारण दहा सेकंद धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. श्वास चालू ठेवायचा. तीन मिनिटं प्लँक धरून दाखवणं ही स्पर्धा म्हणून ठीक आहे, पण आपल्याला हवी आहे ती वेळेवर सावरण्याची सवय.

तिसरी पायरी उभ्याने. बैठक, मग एका पायावर अर्धी बैठक, मग पायरीवरून सावकाश खाली उतरणं. हे आरशासमोर करायचं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतोय की आत पडतोय? कंबर एका बाजूला झुकतेय का? चौथी पायरी उडीची. आधी दोन पायांवर उतरणं, मग एका पायावर, आवाज न करता. पाचवी पायरी दिशा बदलण्याची. आधी ठरवून, आणि मग न ठरवता. मार्गदर्शक ऐनवेळी बोट दाखवेल तिकडे वळायचं.

सूचना कशी द्यायची, याचंही एक शास्त्र आहे. गाब्रिएले वुल्फ यांनी १९९८ मध्ये बर्फावरच्या घसरणीच्या कृत्रिम यंत्रावर प्रयोग केले. ज्यांना पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं, त्यांच्यापेक्षा पायाखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष द्यायला सांगितलेले लोक चांगले शिकले. म्हणून सुरुवातीचे काही दिवस ‘गुडघा बाहेर ठेव’ म्हणणं ठीक आहे. पुढे ‘जमीन ढकल’, ‘समोरच्या खुणेकडे छाती ठेव’, ‘मांजरासारखा उतर’ असं सांगणारा मार्गदर्शक जास्त शिकवून जातो. कारण लक्ष शेवटी गुडघ्यावरून उठून खेळाकडे जायला हवं.

अजून एक नाव घेतो. निकोलाय बर्नस्टाइन. १९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये त्याने हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली चित्रांकित केल्या. घाव बिनचूक पडत होता. पण खांदा, कोपर, मनगट यांची हालचाल प्रत्येक घावाला थोडी वेगळी होती. म्हणजे कसबी माणूस एकच हालचाल घोकत नाही. दर वेळी परिस्थिती किंचित बदलते आणि तो दर वेळी ती नव्याने सोडवतो. म्हणून एकाच जागी एकच व्यायाम शंभर वेळा करणाऱ्याला मैदानात तो उपयोगी पडेलच असं नाही. मॅट, माती, दमलेलं शरीर, समोर माणूस, मागून आवाज, असं सगळं बदलत ठेवून सराव करावा लागतो.

आणि कबड्डीत तर एक खास गोष्ट आहे. चढाई करणारा ‘कबड्डी, कबड्डी’ असा दम घेऊन जातो. त्या वेळी त्याचं श्वासपटल दोन कामं करत असतं. एक, दम धरणं. दुसरं, गाभा सावरणं, कारण श्वासपटल हे गाभ्याचं छप्परच आहे. शांतपणे श्वास घेत केलेला व्यायाम इथवर पोचत नाही. तेव्हा शेवटच्या टप्प्यात वळण्याचा, उतरण्याचा, ढकललं गेल्यावर सावरण्याचा सराव तोंडाने दम चालू ठेवून व्हायला हवा. मग घोट्याची हलकी पकड, मांडीची पकड, दोघांनी घेरणं, असं एकेक वाढवत न्यायचं. हे दवाखान्यात होणार नाही. हे मैदानावरच, फिजिओ आणि प्रशिक्षक एकमेकांशी बोलत असतील तरच होईल.

मग कधी खेळायचं?

इथे आकडे बोलतात. ओस्लो आणि डेलावेअर इथल्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांचा दोन वर्षं मागोवा घेतला. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी झालं. आणि ज्यांनी परतण्याआधीच्या सगळ्या चाचण्या पार केल्या त्यांच्यात पुन्हा दुखापत ५.६ टक्के जणांना झाली. पार न करता परतले त्यांच्यात ३८.२ टक्के. अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण फरक लहान नाही.

चाचण्या कोणत्या? मांडीची ताकद दोन्ही पायांत तोलून पाहणं, एका पायावरच्या चार प्रकारच्या लंगडी-उड्या, आणि काही प्रश्नावल्या. दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्क्यांपर्यंत यायला हवा. यातही एक खोच आहे. आठ-नऊ महिने नीट न खेळल्याने चांगला पायही कमजोर झालेला असतो. दोन्ही पाय सारखे झाले म्हणजे दोन्ही चांगले झाले असं नव्हे. आणि लंगडी-उडी किती लांब गेली यापेक्षा तो उतरला कसा, हे जास्त सांगून जातं.

राहिली भीती. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज २०१४ मध्ये मांडली. शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, पण ६५ टक्केच आपल्या जुन्या पातळीवर, आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्के. मनाची तयारी मोजायला बारा प्रश्नांची एक प्रश्नावलीही वापरतात. भीती म्हणजे भित्रेपणा, असं समजू नका. शरीराने एकदा विश्वासघात केलेला असतो. तो विश्वास भाषणाने परत येत नाही. काल जे जमत नव्हतं ते आज जमलं, असं दोनशे वेळा झाल्यावर येतो. म्हणून पायऱ्या लहान ठेवायच्या.

तेव्हा ‘बरा झालास का?’ हा प्रश्न आम्हाला अपुरा वाटतो. त्याऐवजी ‘काय काय करून दाखवतोस?’ असं विचारावं. पायरीवरून उतरून दाखव. एका पायावर उडी मारून न हलता थांब. मी सांगेन तिकडे वळ. दमलास की पुन्हा तेच करून दाखव. याला महागडी यंत्रं लागत नाहीत. मोजायची टेप, खडू, आणि मोबाईलवर समोरून आणि बाजूने घेतलेला व्हिडिओ, एवढ्यावर गावातला क्रीडाशिक्षकसुद्धा पुष्कळ काही पाहू शकतो. ताकद मोजायला मात्र फिजिओकडे जावंच लागेल.

हे न दुखावलेल्यांसाठीही आहे. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या, फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे १९०० मुलींवर एक चाचणी झाली. २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सरावाआधी वीस मिनिटं धावणं, गाभ्याचे आणि तोलाचे व्यायाम, नीट उतरणं-वळणं, एवढंच करून घेतलं. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. वीस मिनिटं प्रत्येक शाळेच्या मैदानावर निघू शकतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*पहिली चिठ्ठी : ‘आपले जोर, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब असताना हे सगळं परदेशी कशाला?’*

प्रश्न चांगला आहे. या व्यायामांत गाभा भरपूर घडतो. मल्लखांबावर लटकलेल्या मुलाला गाभा शिकवायला नको. पण हे व्यायाम निरोगी शरीर घडवण्यासाठी रचले गेले. शस्त्रक्रिया झालेला गुडघा तिसऱ्या महिन्यात खोल बैठकीला लावला तर नुकसान होईल. आणि नुसत्या जोर-बैठकांत एका पायावर गर्रकन वळणं येत नाही, जे कबड्डीत लागतं. तेव्हा व्यायाम आपला की परका, हा भेद आम्ही करत नाही. आज या शरीराला कोणती हालचाल येत नाही, आणि ती शिकवायला कोणता व्यायाम योग्य, एवढंच पाहावं. योग्य टप्प्यावर सूर्यनमस्कार अवश्य घाला.

*दुसरी चिठ्ठी : ‘तुमच्या उदाहरणातला मुलगा आमच्याच घरात आहे. चाचणी पुढच्या महिन्यात आहे. तो ऐकत नाही. काय सांगावं?’*

या चिठ्ठीवर नाव नाही, आणि ते बरंच आहे.

ऋषभ पंतचं उदाहरण मुलं देतात, तेव्हा तेच आधी घ्या. ३० डिसेंबर २०२२ ला अपघात झाला, गुडघ्याची लिगामेंट गेली, आणि तो मार्च २०२४ मध्ये सामने खेळायला उतरला. जवळजवळ पंधरा महिने लागले. त्याच्या मागे डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक यांची फौज होती. ज्याच्यामागे अशी फौज नाही त्याने त्याच्याहून निम्म्या वेळात परतावं, याला काही तर्क आहे का? असं त्याला विचारा.

पण नुसतं ‘थांब’ म्हणून चालणार नाही. त्याला भविष्य दिसत नाहीये, म्हणून तो घाई करतोय. त्याच्यासमोर दोन वह्या ठेवा. एकीत चाचणी चुकण्याचं नुकसान लिहा. एक हंगाम, कदाचित एक प्रमाणपत्र. ते खरं नुकसान आहे, ते खोटं ठरवू नका. दुसरीत गुडघा पुन्हा जाण्याचं नुकसान लिहा. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च, पुन्हा वर्ष, आणि कदाचित खेळच संपला. मग त्याला चाचण्या करून बघू द्या. एका पायावर उतरताना गुडघा आत पडतोय, हे मोबाईलवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की बावीस वर्षांच्या मुलाला ते आमच्या शंभर व्याख्यानांपेक्षा लवकर कळेल. त्याच्याबरोबर त्याच्या फिजिओला आणि प्रशिक्षकाला एकत्र बसवा. ‘अमुक तारखेला परत’ असं ठरवू नका. ‘अमुक अमुक जमलं की परत’ असं लिहून काढा, आणि तो कागद भिंतीवर लावा. रोज काय करायचं हे समोर असलं की थांबणं सोसवतं.

आणि मित्रहो, ही जबाबदारी त्या एकट्या मुलावर टाकणं अन्यायाचं आहे. ‘अरे, पट्टी बांध आणि उतर, काही होत नाही’ असं म्हणणारे आपण मोठी माणसं असतो. त्या संध्याकाळी संघ जिंकतो, टाळ्या वाजतात, आणि गुडघा मात्र त्या मुलाचाच असतो. संघ निवडणाऱ्यांनी, मंडळांनी, शाळा-महाविद्यालयांनी एवढं जरी ठरवलं की दुखापतीतून येणाऱ्या खेळाडूला या साध्या चाचण्यांशिवाय मैदानात उतरवायचं नाही, आणि तो थांबला म्हणून पुढच्या निवडीत त्याला मागे ढकलायचं नाही, तरी अनेक मुलं पुढे दहा वर्षं खेळतील.

वेळ बरीच झाली. आपण शांतपणे ऐकून घेतलंत. चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांनी किंवा ताईंनी कार्यक्रम संपल्यावर जरूर भेटावं. गावात चांगले फिजिओथेरपिस्ट कुठे भेटतील, ते आयोजकांना विचारून आपण मिळून पाहू.